गावकारी : गोव्यातील सामाईक भूमीची राखण

मांडवी आणि जुवारी या गोव्याच्या दोन मुख्य नद्या समुद्राला मिळण्यापूर्वी सपाट प्रदेशातून इतक्या संथपणे वाहतात की, भरतीचे खारे पाणी त्यांच्या पात्रांतून कित्येक कोस आत शिरते; आणि तिसवाडी, बारदेश व सासष्टी या महालांच्या सखल भागात, या नद्यांच्या व त्यांना मिळणाऱ्या खाड्यांच्या काठांना, ज्यांची पातळी भरतीच्या पातळीहून खाली आहे अशी हजारो हेक्टर शेते पसरलेली आहेत. या शेतांना खाजन म्हणतात. डोंगरउतारावरची किंवा माळावरची जमीन मनुष्याने वर्षभर टाकून दिली तर ती पडीक होते, तिच्यावर गवत माजते, परंतु जमीन म्हणून ती शिल्लक राहते. खाजनाचे तसे नाही. बांधाला पडलेले भगदाड वेळीच बुजविले नाही, तर शेत नदीचे होते, आणि एकदा मातीत मुरलेले मीठ धुऊन निघावयास पुढे पावसाळ्यांमागून पावसाळे जावे लागतात. अशी भूमी एकदा मिळवून भागत नाही. ती रोज मिळवावी लागते. हे काम ज्या ग्रामसंस्थेने निदान एक सहस्र वर्षे केले, त्या गावकारीचा इतिहास म्हणूनच केवळ गोव्याच्या स्थानिक कुतूहलाचा विषय नाही. भूमीचे रक्षण कशाने होते, हक्काने की कायद्याने, की आणखी कशाने, या प्रश्नाचे त्यात एक सविस्तर उत्तर आहे.

या उद्योगाची प्राचीनता ताम्रपटांवरून सिद्ध होते. फोंडा महालातील बांदिवडे येथे सापडलेल्या, सहाव्या शतकाच्या सुमाराच्या, मौर्य राजा अनिर्जितवर्मा याच्या दानपत्रात ‘खज्जन’ भूमीचे दान नमूद आहे. म्हणजे खाऱ्या पाण्यातून जमीन काढण्याची विद्या त्या काळी इतकी रूढ होती की राजाने ती दानपत्रात गृहीत धरावी. मात्र ज्या पहिल्या मंडळींनी नदीच्या चिखलात पहिला बांध घातला, त्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. 1526 साली पोर्तुगीजांचा महसुली अधिकारी आफोंसु मेशिया याने तिसवाडीतील गावकारांचे रीतिरिवाज लिहून घेतले, तेव्हा त्यांचा उगम कोणालाच आठवत नव्हता. पुरातन काळी चार पुरुष या ओसाड बेटावर आले, त्यांनी ते लागवडीखाली आणले, आणि त्यांच्या चांगल्या कारभारामुळे वस्ती वाढत जाऊन गावे झाली, एवढीच परंपरा त्यांना ठाऊक होती, आणि तीच मेशियाने आपल्या लेखाच्या आरंभी घातली. राजाने दिले म्हणून जमीन आमची, असे या परंपरेत कोठेही म्हटलेले नाही. आमच्या पूर्वजांनी ती केली म्हणून आमची, असा तिचा आशय आहे, आणि गावकारीची सारी घटना या एका आशयातून निघालेली दिसते.

खाजनाची रचना थोडी सांगितली पाहिजे, कारण त्यावाचून संस्थेचे नियम कळत नाहीत. नदीच्या बाजूचा मुख्य बांध चिखल आणि भाताचा पेंढा यांचे थर एकमेकांवर चढवून, जेथे लाटांचा मारा अधिक तेथे जांभ्या दगडाची भिंत लावून घालीत. त्याच्या बाहेर, पाण्यात, खारफुटीची झाडे असत, आणि ती लाटेचा जोर मोडीत. या बांधात ठिकठिकाणी जे दरवाजे ठेवीत त्यांना मानस असे नाव आहे. मानसाची लाकडी झडप अशी टांगलेली असते की, ओहोटीच्या वेळी शेतातील साचलेले पाणी तिला आतून ढकलून नदीत उतरते, आणि भरती येऊ लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच ती घट्ट मिटते. तिला कोणी उघडावे-मिटावे लागत नाही, जो समुद्र शेत गिळावयास येतो त्याच्याच बळाने त्याचा मार्ग बंद होतो. मानसाच्या आतल्या अंगाला ‘पोंय’ नावाचा पाणसाठा असतो, आणि तेथून शेताशेतांत चर गेलेले असतात. ज्येष्ठ-आषाढाच्या पहिल्या मोठ्या पावसांनी मातीतील मीठ धुतले गेले की कोरगुट, आसगो अशी खारे सोसणारी भाताची जुनी वाणे पेरीत. भाद्रपद-आश्विनात कापणी होई. आणि शेते मोकळी झाल्यावर काही ठिकाणी मोजके खारे पाणी आत घेऊन मासळी व कोळंबी वाढू देत, काही ठिकाणी मिठागरे चालत. भात, मीठ आणि मासळी ही तीन उत्पन्ने एकाच भूमीतून निघत, परंतु तिन्हींचे मोसम, पाण्याची पातळी आणि मर्यादा ठरलेल्या होत्या. मानसाची झडप कधी अडवून ठेवावी आणि कधी मोकळी सोडावी, हा निर्णय कोणा एका शेतकऱ्याच्या हाती राहिला असता, तर त्याच्या फायद्याने शेजाऱ्याचे शेत बुडाले असते. पाणी हद्द जाणत नाही, आणि म्हणून खाजनाची मालकी व्यक्तीची असून चालण्यासारखे नव्हते.

ती मालकी गावाची, म्हणजे गावकारीची होती. मूळ वसाहतकारांचे पुरुषपरंपरेने चालत आलेले वंशज ते गावकार. त्यांचे वांगड, म्हणजे कुळांचे गट, ठरलेले असत, आणि प्रत्येक वांगडाचा मान व बोलण्याचा क्रमही ठरलेला असे. देवळाच्या मंडपात किंवा गावाच्या ठरलेल्या जागी सभा भरे; तेथे झालेल्या ठरावाला नेम म्हणत, आणि कुलकर्णी तो आपल्या वहीत नोंदून घेई. नेम बहुमताने होत नसे. सर्व वांगडांची संमती लागे. या पद्धतीत कामे रेंगाळत असतील हे खरे, परंतु जेथे एका वांगडाने अंग काढून घेतले तरी सर्वांचा बांध दुबळा होतो, तेथे कोणालाही नाराज ठेवून काम उरकण्यापेक्षा सर्वांना राजी करण्यात वेळ घालविणे गावाला परवडत होते. गावकारांच्या संमतीवाचून गावात कोणालाही जमीन विकता येत नसे, आणि बाहेरच्यास ती विकतही घेता येत नसे. पडीक जमीन नारळी-पोफळीच्या लागवडीसाठी ठरलेल्या साऱ्यावर देण्याचा अधिकार गावकारीला होता. भातशेते मात्र मुदतीने, लिलाव पुकारून, लागवडीस देत. लिलावाला गोव्यात पावणी म्हणतात. आज तुम्ही कसलेले शेत पुढील पावणीत दुसऱ्याकडे जाऊ शकते, आणि त्याचे तुमच्याकडे येऊ शकते, अशी ही व्यवस्था असल्यामुळे एकाच शेताची मशागत आणि दुसऱ्याची हेळसांड असा भेद पडत नसे, निदान तो पडू नये अशी तिची योजना होती.

या संस्थेचे मर्म तिच्या जमाखर्चात दिसते. पावणीचे उत्पन्न आले की प्रथम राज्याचा महसूल भरीत. त्यानंतर बांध, मानशी आणि तळी यांची डागडुजी, देवळाचा खर्च, आणि न्हावी, सुतार, लोहार इत्यादी गावच्या सेवकांचा मोबदला भागवीत, ज्यांपैकी पुष्कळांना नमशीच्या जमिनी तोडून दिलेल्या असत. आणि हे सारे होऊन जे उरेल ते गावकारांत वाटीत. या वाटणीतील प्रत्येकाच्या हिश्शास जोण म्हणतात. परंतु एखाद्या वर्षी बांध फुटला, पीक बुडाले, किंवा सरकारने नवी पट्टी बसविली आणि उत्पन्न खर्चाला पुरेना, तर तूटही त्याच गावकारांना भरावी लागे. नफ्याचा वाटेकरी तोच तोट्याचा जामीन, आणि वाटणीच्या यादीत बांधाचा खर्च जोणाच्या आधी: या दोन नियमांत गावकारीची सारी शक्ती साठविलेली होती. ज्याला जोण वाढवून हवे त्याने बांध नीट ठेवला पाहिजे, हे त्याला कोणा अधिकाऱ्याने समजावून सांगावे लागत नव्हते. हिशेबच ते त्याला दरवर्षी सांगत होता.

1510 साली तिसवाडी आणि 1543 साली बारदेश व सासष्टी पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली, तेव्हा नव्या राज्यकर्त्यांपुढे पहिला प्रश्न वसुलाचा होता. गावोगाव रयतेशी स्वतंत्र जमाबंदी करण्यापेक्षा गावकारीला जामीन धरून सबंध गावाचा महसूल एकरकमी घेणे त्यांना सोईचे वाटले, आणि याच हेतूने 16 सप्टेंबर 1526 रोजी मेशियाचा तो प्रसिद्ध फोराल, म्हणजे रिवाजांची सनद, जारी झाली. तिने रिवाज निर्माण केले नाहीत. जे तोंडी होते ते कागदावर आणले. आदिलशाहीत घोडदळाच्या खर्चासाठी बसविलेली घोडेवराड नावाची पट्टीही पोर्तुगीजांनी तशीच पुढे चालविली. राज्ये बदलली, धर्म बदलले, पण नदीची भरती बदलली नव्हती, आणि तिला रोखणाऱ्या संस्थेवाचून कोणत्याच राज्याचा वसूल उभा राहत नव्हता.

तथापि हे सातत्य सुखासुखी राहिले असे समजणे इतिहासाशी प्रतारणा होईल. सोळाव्या शतकाच्या मध्यास देवळे पाडली गेली. 1541 पासून तिसवाडीतील देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती संस्थांकडे वळविण्यात आले. आणि कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेरण्याची म्हाळसा ही दैवते, ज्यांना महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबे आजही आपली कुलदैवते मानतात, नदीपलीकडे फोंडा महालात नेण्यात आली. सासष्टीतील कुंकळ्ळीच्या गावकारांनी 1583 मध्ये जेझुइट पाद्र्यांवर शस्त्र उचलले, त्याचा सूड त्यांच्या प्रमुखांना ठार मारून घेण्यात आला, आणि गावाच्या जमिनीही गावकारांच्या हातून गेल्या. पुष्कळ गावकार परागंदा झाले; पुष्कळांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु बाप्तिस्मा घेतलेला गावकार गावकारच राहिला. त्याचे वांगड, त्याचा क्रम, त्याचे जोण कायम राहिले, आणि मंडपाऐवजी चर्चच्या आवारात भरणाऱ्या सभेतही नेम बांधाचाच होत राहिला. तिसवाडीतील ताळगावला दरवर्षी 21 ऑगस्ट रोजी नव्या कणसांचे फेस्त होते, आणि हिंदू घरांत चतुर्थीच्या सुमारास नव्याची पूजा होते; दोन्हींत पहिल्या कणसाला वंदन करण्याची जी भावना आहे ती धर्माने दुभंगण्यापूर्वीच्या एकाच गावाची आहे.

बाहेरच्या आघातांपेक्षा खोल परिणाम आतून झालेल्या बदलांचा झाला. महसुलाच्या वाढत्या मागण्या भागविण्यासाठी गावकारीने कर्जे काढली, आणि त्या कर्जांच्या व गरजांच्या पोटी गावाच्या उत्पन्नातील हिस्से बाहेरच्यांना मिळू लागले. खुंतकार म्हणून ओळखला जाणारा असा हिस्सेदार गावाचा वंशज नसे, गावात राहत असेलच असे नसे, आणि त्याचा खाजनाशी संबंध वाटणीच्या दिवसापुरता असे. एकोणिसाव्या शतकात हे हिस्से एखाद्या कंपनीच्या भागांप्रमाणे खरेदी-विक्रीस मोकळे झाले. त्याच काळात सरकारी प्रशासकांचा अधिकार इतका वाढला की, बांधाच्या किरकोळ दुरुस्तीलाही वरची मंजुरी यावी लागे. याच शतकात फिलिप नेरी शाव्हिएर यांनी 1852 मध्ये या संस्थांचा इतिहास प्रसिद्ध केला, आणि त्या मोडीत काढाव्यात असा मतप्रवाह जोर धरीत असता, गोव्याच्या सरकारचे चिटणीस राहिलेले पोर्तुगीज विद्वान कुन्य रिव्हारा यांनी 1870 मध्ये त्यांच्या बाजूने ग्रंथ लिहिला. एका परकीय अंमलदाराने आपल्याच सरकारच्या धोरणाविरुद्ध गावच्या हक्कांसाठी लेखणी झिजवावी, हे त्याच्या मनाच्या मोठेपणाचे चिन्ह होय. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने गोव्यातील मिठाचा धंदा इंग्रजांच्या मुठीत दिला, आणि खाजनाच्या तीन उत्पन्नांतील एकाला मोठा हादरा बसला. पुढे 1904 आणि 1933 मध्ये ग्रामसंस्थांसाठी संहिता झाल्या, आणि तिसरी एप्रिल 1961 मध्ये, म्हणजे पोर्तुगीज राज्य संपण्यापूर्वी अवघे आठ महिने. तीच संहिता पुढे स्वतंत्र भारतात चालू राहिली. कलमांची संख्या वाढत गेली. बांधावर जाणारी माणसे मात्र कमी होत गेली.

या संस्थेचे गुण सांगताना तिच्यातला अन्याय झाकून ठेवणे योग्य नव्हे. गावकारपण पुरुषांच्या वंशाने चाले. मुलीला जोण नव्हते. आणि ज्यांनी कमरेइतक्या चिखलात उभे राहून बांध घातले ते गावडे, कुणबी आणि दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारे मुंडकार बहुतेक गावांत सभेच्या बाहेर होते; नेम गावकारांचा आणि घाम त्यांचा, अशी वाटणी होती. गोव्यातच जन्मलेले थोर इतिहाससंशोधक दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी जुन्या काबिजादीतील, म्हणजे तिसवाडी, बारदेश व सासष्टी या महालांतील, ग्रामसंस्थांवर जो निबंध लिहिला, आणि जो 1962 च्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या त्यांच्या ग्रंथात आहे, त्यात त्यांनी या संस्थांकडे सत्ययुगाचा अवशेष म्हणून न पाहता उत्पादनाच्या साधनांच्या आणि वर्गांच्या दृष्टीने पाहिले, आणि ते उचितच होते. सामाईक मालकी म्हणजे सर्वांची मालकी असे होत नाही. ती कोणाकोणाची, हे विचारावेच लागते.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाल्यावर हा प्रश्न कायद्याने विचारला. 1964 च्या कुळकायद्याने खंडाला उत्पन्नाच्या एक षष्ठांशाची मर्यादा घातली, आणि 1976 च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाला मालक ठरविले. शतकांचे ऋण या कायद्याने फेडले, आणि त्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु कूळ मालक झाले ते आपापल्या तुकड्याचे. बांध आणि मानस हे तुकड्यांत वाटता येण्यासारखे नव्हते. गावकारीचा लिलाव गेला तसा बांधाच्या खर्चाला पैसा पुरविणारा तिचा ओघही आटला, आणि संरक्षणाची संयुक्त जबाबदारी 1975 च्या नियमांनी कुळांच्या संघटनांवर टाकली. या संघटनांपैकी काहींनी ती निष्ठेने पार पाडली. इतर ठिकाणी मासेमारीसाठी मानशीचा लिलाव हेच संघटनेचे मुख्य काम होऊन बसले; कोळंबीचा भाव भाताच्या अनेक पटींनी चढला तेव्हा ठेकेदाराने झडपा वर्षभर उघड्या ठेवाव्यात, खारे पाणी शेतांत राहू द्यावे, आणि दोन-चार वर्षांत तेथे खारफुटी उगवावी, असे घडू लागले. बांधाबाहेर जी खारफुटी रक्षक होती ती बांधाच्या आत शेताच्या मृत्यूची खूण झाली. आणि खारफुटी तोडण्यास कायद्याने बंदी असल्यामुळे ते शेत पुन्हा शेत करणे आणखी अवघड झाले. खनिज वाहणाऱ्या बार्जेसच्या लाटांनी बांध झिजले, शिकलेली पिढी मुंबईला, आखाताला, पोर्तुगालला गेली, आणि शेजारी इमारती उठू लागल्या तसे बुडालेले शेतही जागेच्या भावाने मोलाचे वाटू लागले.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये 1891 साली आणि इंग्लंडमध्ये 1895 साली, निसर्गरम्य व ऐतिहासिक जागा जनतेसाठी कायमच्या राखून ठेवणारे विश्वस्त न्यास स्थापन झाले, आणि त्यांचे अनुकरण आता जगभर होत आहे. त्यांचे कार्य वंदनीय आहे. भूमी विकता न येण्याजोगी करणे हे त्यांचे पहिले साधन, आणि तिची देखभाल हे दुसरे. गावकारीच्या इतिहासाकडे या दृष्टीने पाहिले तर असे दिसते की, पहिले साधन तिच्याजवळ शेवटपर्यंत पुष्कळ अंशी टिकून होते. दोनशेहून अधिक ग्रामसंस्था आजही कागदोपत्री विद्यमान आहेत. त्यांच्या संहितेत बांधांविषयी कलमे आहेत. 2011 च्या किनारपट्टीविषयक अधिसूचनेतही गोव्याच्या खाजनांसाठी खास तरतूद होती. तरीही बांध फुटतात, कारण दुसरे साधन, म्हणजे ज्याला भूमीपासून मिळते त्यालाच तिच्यासाठी राबावे व प्रसंगी भरावे लागणे, हे मोडले. खुंतकाराला हिस्सा मिळत होता, खर्च कळत नव्हता. प्रशासकाला अधिकार होता, भरती दिसत नव्हती. ठेकेदाराला मासळी मिळत होती, पुढील वर्षाच्या भाताशी त्याचे काही नाते नव्हते. आणि खुद्द कुळाला, ज्याच्या घामाने हे सारे उभे राहिले होते, तुकडा मिळाला, पण बांधाच्या खर्चाची जुनी तरतूद त्याच्या हाती कोणी दिली नाही.

म्हणून खाजने पुन्हा उभी करावयाची असतील, तर जुनी गावकारी तिच्या वंशपरंपरेसह परत आणणे हा मार्ग नव्हे आणि तो कोणी सुचवूही नये. तिच्या जमाखर्चाचे दोन नियम मात्र नव्या संस्थेत, मग ती कुळांची असो, पंचायतीची असो वा विश्वस्त न्यासाची असो, जसेच्या तसे घेतले पाहिजेत: मानशीचे, भाताचे, मासळीचे जे काही उत्पन्न येईल त्यातून बांधाचा खर्च सर्वांच्या वाटणीआधी काढून ठेवावा, आणि जो नफ्याचा वाटेकरी तोच तुटीचा जामीन असावा. आणि ज्यांना गावकारीने सभेबाहेर ठेवले, ती कष्टकरी कुळे आणि स्त्रिया, या वेळी नेमाच्या वहीत पहिल्या नावांनी याव्यात. कारण चिखलाचे, वाणांचे आणि पाण्याच्या पातळीचे जे ज्ञान अजून शिल्लक आहे ते त्यांच्याजवळ आहे, आणि ती पिढी संपण्यापूर्वी ते वहीत उतरले नाही, तर पुढील मेशियाला लिहून घेण्यासारखे गोव्यात काही उरणार नाही.